भंगारवाला जे घेत नाही, त्याचे काय करावे?

वसई–दिवा रेल्वेमार्गावरच्या खारबावसारख्या गावात भंगारवाल्याची हाक आली की रद्दी, पत्रा, बाटल्या दारातूनच जातात. मागे राहतात वेफर्सची चकचकीत पाकिटे, बिस्किटांची वेष्टने, शाम्पूच्या पुड्या, फुटक्या कपबश्या. पुष्कळदा हा कचरा शेवटी आंघोळीचे पाणी तापवायच्या चुलीत जातो.

भगिनींनो, आधी हे थांबवा. प्लास्टिकचा धूर चुलीजवळ बसणाऱ्या बाईच्या आणि मुलांच्या छातीत जातो. त्यात पीव्हीसीचा तुकडा असला तर डायॉक्सिनसारखे विषही तयार होते.

ही पाकिटे भंगारात का चालत नाहीत? त्यांत प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा घट्ट चिकटलेले असतात. ते सुटे करणे कोणाला परवडत नाही. दुधाची पिशवी तशी नसते. ती धुऊन, वाळवून भंगारात द्या. कापताना कोपरा तोडू नका, पिशवीलाच लागलेला राहू द्या.

पुण्यात ‘रीचरखा’ आणि ‘इकोकारी’ या संस्था अशा पाकिटांच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणून त्यांच्या पिशव्या करतात. मागाचे काम भिवंडी तालुक्याला नवे नाही. पण घरी माग नसला तरी वेणी घालता येते.

पाकीट उघडून साबणाने धुवा, सावलीत वाळवा. दोन बोटे रुंद पट्ट्या कापा. दोन पट्ट्या पाकिटाच्या आणि एक शिंप्याकडच्या चिंधीची घेऊन वेणी घाला. कापडामुळे वेणीला बळकटी येते आणि सुई नीट चालते. वेणी गोल गुंडाळत दाभणाने शिवत गेले की बसायला आसन तयार. ते उन्हात ठेवू नका, प्लास्टिकचा भुगा होतो. गरम भांडेही त्यावर ठेवू नका.

फुटक्या कपबशीचे तुकडे कुंडीच्या तळाशी भोकावर ठेवा. पाणी निघून जाते, माती राहते.

मात्र आसन केले म्हणून पाकीट नाहीसे होत नाही, त्याचे आयुष्य तेवढे वाढते. म्हणून दहा पुड्यांऐवजी एक बाटली घ्या. रमजानच्या खरेदीला खजूर, शेवया सुट्या मिळत असतील तर घरचा डबा न्या.

या महिन्यात स्वयंपाकघरात एक पिशवी टांगून फक्त पाकिटे साठवा. महिनाअखेरीस मुलांना ती मोजायला सांगा. पुढच्या महिन्यात किती कमी झाली, हे त्यांनाच बघू द्या.