डच उदार झाले नव्हते



हॉलंडने १९४९मध्ये समजूतदारपणे इंडोनेशियाची सत्ता सोडली, हे गेल्या अंकातील लेखाचे म्हणणे मुळीच पटणारे नाही. सुकार्नो आणि हत्ता यांनी १७ ऑगस्ट १९४५ रोजीच प्रजासत्ताक जाहीर केले होते. पुढची चार वर्षे ते टिकवण्यासाठी रक्त सांडले.

जुलै १९४७ आणि डिसेंबर १९४८, अशी दोनदा डच फौज चालून आली. दुसऱ्या खेपेस राजधानी योग्यकर्ता पडली, सुकार्नो-हत्ता कैद झाले. सरसेनापती सुदिर्मान तेव्हा क्षयाने खंगले होते, तरी त्यांनी शरणागती साफ नाकारली. सैनिकांनी त्यांना डोलीत घालून डोंगरवाटांनी नेले आणि त्या डोलीतूनच गनिमी कावा चालू राहिला! १ मार्च १९४९ रोजी प्रजासत्ताकाच्या सैनिकांनी योग्यकर्त्यात घुसून शहर सुमारे सहा तास ताब्यात ठेवले.

त्याआधी जानेवारीत नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियासाठी परिषद भरवली होती. अमेरिकेनेही मार्शल मदत रोखण्याची तंबी दिली. एवढे झाल्यावर कुठे २७ डिसेंबर १९४९ला डच हटले.

लेखात सुराबाया शहरातल्या लढाईचा तर उल्लेखच नाही. ऑक्टोबर १९४५मध्ये ब्रिटिशांनी तिथे उतरवलेल्या ४९व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. स्वतः पारतंत्र्यात असलेली ही माणसे दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याच्या आड उभी केली गेली, आणि त्यांतले कित्येक तिथेच पडले. मराठी मासिकाने तरी त्यांना वगळायला नको होते.

— एक वाचक