घराची एक खोली आणि दुकानाची वही

दुकानात दहा रुपयांची उधारी गेली तरी आपला व्यापारी ती वहीत मांडतो. नाव लिहितो, तारीख टाकतो, संध्याकाळी गल्ल्याशी ताळा घालतो. तोच व्यापारी घरामागे एक खोली काढायची झाली की काही लाखांचे काम चहाच्या टपरीवर तोंडी बोलून मोकळा होतो. मारेगाव, वणी, पांढरकवडा या भागात हे आम्ही नेहमी पाहतो, आणि पावसाळा तोंडावर आला की अर्धवट भिंती, उघड्या सळया आणि मिस्त्री-मालकांचे अबोलेही पाहतो. आमचे स्पष्ट मत आहे की या भांडणांत लबाडी क्वचितच असते. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. फक्त दोघांनी ठरवलेली गोष्ट एकच नसते.

मोठ्या बंगल्याला नकाशा असतो, इंजिनिअर असतो. एका खोलीच्या कामाला यातले काहीच नसते. मुलाचे लग्न ठरले, शिलाईच्या दोन मशिनी वाढल्या, वेल्डिंगचे काम रस्त्यावरून आत घ्यायचे ठरले, की ओळखीच्या मिस्त्रीला बोलावले जाते आणि तो पावलांनी जागा मोजून आकडा सांगतो. तो आकडा कशाचा, हे कोणी विचारत नाही.

पहिला घोळ इथेच होतो. घरचे म्हणतात, १२ बाय १५ची खोली, म्हणजे १८० चौरस फूट. मिस्त्री मोजतो बाहेरून. चारही भिंती नऊ इंची धरल्या तर बाहेरचे माप साडेतेरा बाय साडेसोळा, म्हणजे जवळजवळ २२३ चौरस फूट होते. दर तोच, पण बिल सुमारे चोवीस टक्क्यांनी वाढले. यात मिस्त्रीने काही चोरले नाही. बाहेरून मोजण्याची रीतच आहे. पण हे शेवटच्या हिशेबाच्या दिवशी कळले तर संबंध तुटतात. छज्जा, ओटा, गच्चीचा कठडा, जिना हे दरात धरले की वेगळे, हेही आधीच विचारावे.

दुसरा प्रश्न, काम मालासकट द्यावे की फक्त मजुरीवर. ज्याला दुकान सोडून दिवसभर उभे राहता येत नाही त्याने मालासकट द्यावे, हे खरे. तरीही आमचा कल मजुरीच्या ठेक्याकडे आहे. भाव करणे, वजन पाहणे, माल मोजून घेणे हा तर आपला रोजचा धंदा. आठ मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई सुमारे ४.७४ किलो भरायला हवी, बारा मिलिमीटरची सुमारे १०.६७ किलो. सळईच्या मिलिमीटर मापाचा वर्ग करून त्याला १६२ने भागले की एका मीटरचे वजन किलोत निघते. एवढा हिशेब कोणताही दुकानदार करू शकतो. रेती आणि गिट्टी ब्रासने मिळते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि माल दीड फूट उंच असेल तर तो ९० घनफूट झाला. टेप लावायला लाजू नये. कापड मोजताना आपले गिऱ्हाईक लाजत नाही.

वरच्या मापाच्या खोलीचा पाच इंची स्लॅब साधारण ९३ घनफूट होतो. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी या प्रमाणाने त्याला एकवीस-बावीस बॅगा सिमेंट, ४० घनफूट रेती आणि ८० घनफूट गिट्टी लागते. छज्जा धरला नसताना कोणी पस्तीस बॅगा सांगितल्या तर कारण विचारावे, आणि चौदा सांगितल्या तर जास्त घाबरावे.

वर्धा नदीच्या पलीकडे कोरपना तालुक्यात आवारपूर, गडचांदूरचे मोठे सिमेंट कारखाने आहेत. म्हणून आपल्याकडे सिमेंट स्वस्तच मिळेल असे मात्र नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तो फायदा आपल्यापर्यंत पोहोचला की नाही, हे पक्के बिल घेतल्याशिवाय कळत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या काही बांधवांना वाटते की दुकानाच्या नावाने बिल घेतले की कराची वजावट मिळेल. स्वतःच्या इमारतीच्या बांधकामावर ती मिळत नाही, म्हणून बजेटमध्ये कर खर्च म्हणूनच धरावा.

आता खरी गोष्ट, जी वर दिसत नाही. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. कपाशीला ती चांगली, भिंतीला वाईट. जुनी खोली वीस-पंचवीस वर्षे आपल्या जागी बसलेली असते. तिच्या भिंतीला दात काढून नवी भिंत जोडली, की नवा पाया खाली बसताना जुन्या भिंतीला ओढतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात जोडावर उभी भेग पडते. मग गिलावा, पुन्हा भेग, पुन्हा गिलावा. यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. नवी खोली स्वतःच्या पायावर, स्वतःच्या भिंतींवर उभी करावी, जुन्या-नव्यात पायापासून स्लॅबपर्यंत इंचभर फट ठेवावी आणि वरून पाणी आत जाणार नाही अशी पट्टी बसवावी. खड्ड्यात तीच काळी माती परत न लोटता मुरूम भरून ठोकावा. भिंतीलगत तीन फुटांची फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करावी आणि न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये.

म्हणून आम्ही सांगतो, दर ठरवण्याआधी एक खड्डा खोदून पाहा. एका मजुराचा एका दिवसाचा रोज लागेल. पाच फुटांवर मुरूम लागला तर खर्च वेगळा, आठ फुटांवरही काळी मातीच असेल तर वेगळा. अशा ठिकाणी मिस्त्रीच्या अंदाजावर न जाता इंजिनिअरला विचारावे. तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब साडेतीन मीटर खोल नेण्याची पद्धत रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी विकसित केली. जुन्या घरावर मजला चढवायचा विचार असेल तर इंजिनिअरची फी वाचवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. विटामातीच्या जोडाईची भिंत स्लॅब पेलेल की नाही, हे डोळ्यांनी दिसत नाही. मारेगावात नगर पंचायत आहे, तेव्हा परवानगीचा कागद आणि शेजाऱ्याच्या हद्दीची खात्रीही खड्ड्याच्या आधी.

पैशाचा हंगाम आणि बांधकामाचा हंगाम यांची सांगड हा आपल्या भागात सर्वांत नाजूक मामला. कापूस विकला गेला की दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत उधारी वसूल होते आणि हातात रोकड दिसते. तीच रोकड मे महिन्यात खरिपाचा माल भरायला लागणार असते. गल्ला भरलेला पाहून खोली सुरू होते, स्लॅबला पैसे संपतात आणि जूनमध्ये दुकान रिकामे. खोली झाली पण गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले, हा व्यवहार तोट्याचा. दुकानाचे भांडवल आधी बाजूला काढावे. उरले ते, भिशीचा नंबर लागणार असेल तर तो, एवढेच बांधकामाचे पैसे. आणि त्यातलाही पाचवा हिस्सा पायासाठी व अडचणीसाठी हात न लावता ठेवावा. पैसे कमी पडत असतील तर पाया आणि भिंती यंदा, वर टिनपत्रे, स्लॅब पुढच्या वर्षी. यात कमीपणा नाही. मात्र पुढे स्लॅब टाकायचा असेल तर पाया त्याच वजनाचा हवा.

स्लॅब शक्यतो मार्च उलटण्याआधी पडावा. मेच्या उन्हात काँक्रीटला दिवसभर ओले ठेवावे लागते आणि नेमके तेव्हाच टँकर विकत घ्यावा लागतो. हल्ली मिळणाऱ्या राख मिसळलेल्या सिमेंटला चौदा दिवस पाणी द्यावे आणि तोवर खालचे टेकू काढू देऊ नयेत. सेंट्रिंगचे भाडे दिवसाने चढत असते, म्हणून घाई मिस्त्रीची असते. ते भाडे किती दिवसांचे, हेही आधी ठरावे. रमजान २०२५ साली मार्चमध्ये होता आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणजे अजून काही वर्षे तो बांधकामाच्या हंगामातच येणार. रोजेदार गवंड्याकडून स्लॅबचे काम भर दुपारी करून घेण्याचा हट्ट धरू नये. त्या महिन्यात कामाचे दिवस कमी धरावेत आणि ईदच्या आधी मजुरांचा चुकारा पूर्ण करण्याची तजवीज बजेटमध्येच असावी.

लिहायचे कसे, याचा बाऊ करू नये. वहीचे एक पान पुरते. माप बाहेरून की आतून, दर, कोणता माल कोणाचा, किती दिवस, पैसे कोणत्या टप्प्याला, आणि दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. सूरह बकराची २८२वी आयत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, ती मुदतीच्या व्यवहाराच्या लिखापढीविषयी आणि साक्षीदारांविषयीच आहे. “घरातलेच मिस्त्री आहेत, त्यांच्याकडून काय लिहून घ्यायचे,” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हा कागद मिस्त्रीच्याही कामाचा आहे. आमच्या वाचकांत गवंडी आहेत, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, रंगारी आहेत, आणि त्यांची तक्रार आम्हांला पटते. खिडकी दोनदा हलवली जाते, मधेच मोरी वाढते, आणि पैसे मात्र पहिल्याच आकड्याचे. जादा कामाचे पान वेगळे ठेवून त्याच दिवशी रक्कम लिहावी. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचे दाखवावे लागते. किती दिवस कोणाकडे काम केले, हे लिहिलेले असले तर तिथेही आधार होतो.

पैसे जोते, खिडकीवरची पट्टी, स्लॅब, गिलावा असे काम पुढे सरकेल तसे द्यावेत. मजुरांचा चुकारा दर आठवड्याच्या बाजाराआधी व्हावा. तो अडवून मालकाने मिस्त्रीवर वचक ठेवू नये. शेवटची दहा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस पडून छत गळते का, जोड उघडतो का, हे पाहीपर्यंत राखली तर त्यात गैर काही नाही. मात्र तो पाऊस पडल्यावर आठ दिवसांत ती द्यायची, हेही त्याच पानावर लिहावे. जूनचे पैसे पोळ्यापर्यंत मागत फिरायला लावणारे मालक आपल्यात कमी नाहीत.