खसरा उघडा, विवरणपत्र बंद

पांढुर्णा जिल्ह्यातल्या तिगावच्या शेतकऱ्याची जमीन किती, हे पाहायला तिगावला जावं लागत नाही. मध्य प्रदेशच्या भूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तहसील, गाव निवडलं की खसरा समोर हजर: नाव, रकबा, आणि जमीन बँकेकडे गहाण असेल तर कैफियतीत तीही नोंद. संत्र्याचा बगीचा कर्जात आहे, हे भावकीच्या आधी पुण्यातल्या परक्याला कळू शकतं. त्यात शेतकऱ्याच्या खासगीपणाला धक्का लागतो, असं कुठल्याच सरकारला वाटलेलं नाही.

त्या खसऱ्याचं दप्तर सांभाळणाऱ्या पटवाऱ्याची मालमत्ता मात्र नाजूक बाब. राज्याच्या 1965च्या आचरण नियमांत नियम 19 आहे. स्थावर मालमत्तेचं विवरण दरसाल 31 जानेवारीपर्यंत द्यायचं आणि ते फायलीत जायचं. माहिती अधिकारात ते मागायला गेलात की सर्वोच्च न्यायालयाचा 2012चा निकाल आडवा येतो. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची माहिती गिरीश देशपांडे यांनी मागितली होती. (अधिकारी तोवर बदलून मध्य प्रदेशातच आले होते.) न्यायालयाने सांगितलं, ही वैयक्तिक माहिती आहे, हवी तर व्यापक लोकहित दाखवा. म्हणजे संशय सिद्ध करायला विवरण हवं, आणि विवरण मिळवायला संशय सिद्ध करून आणा!

बरं, हाती पडलं तरी त्यात सापडणार काय? वार्षिक विवरण फक्त स्थावराचं. जंगम मालमत्तेचा मोठा व्यवहार झाला तरच तो कळवायचा. डिसेंबर 2024मध्ये भोपाळजवळ मेंडोरीला बेवारस उभ्या इनोव्हात सुमारे 52 किलो सोनं आणि कोट्यवधींची रोकड मिळाली. चौकशीत परिवहन खात्यातल्या एका माजी शिपायाचं नाव पुढे आलं. सोनं मुळात जंगम, त्यात चार चाकांवर ठेवलेलं. स्थावराच्या रकान्यात ते कोण कशाला लिहील?

आयएएस अधिकाऱ्यांचं स्थावर विवरण केंद्राच्या संकेतस्थळावर पाहता येतं. पांढुर्णा 2023मध्ये जिल्हा झाला, तेव्हा कलेक्टरही जवळ आले आणि त्यांचं विवरणही. पण तिगावच्या माणसाचं नामांतरण, सीमांकन अडतं ते पटवारी, महसूल निरीक्षक (आरआय), तहसीलदार यांच्या टेबलावर. त्यांचीही विवरणं भूलेखशेजारी एक बटण वाढवून टाकता येतील. यंत्रणा तयार आहे, गावांची यादीही आहे. शेतकऱ्याची संमती कोणी विचारली नव्हती. इथे मात्र संघटनांशी चर्चा होईल, समिती बसेल आणि पुढची 31 जानेवारी निघून जाईल.