दम्याचे इंजेक्शन : घरी जाण्याची घाई नको

जयपुरात वसंताच्या तोंडावर वावळाच्या झाडांचे परागकण उडू लागले की अ‍ॅलर्जीच्या दमेकऱ्यांची धाप वाढते. नियमित पंप घेऊनही दमा आटोक्यात नसेल, तर रक्तातील आयजीई व वजन पाहून डॉक्टर ओमालिझुमॅबचे इंजेक्शन सुचवतात. टोचल्या जागी सूज, डोकेदुखी हे किरकोळ त्रास. खरी भीती क्वचित येणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची; अमेरिकेत २००७ मध्ये तसा ठळक इशारा वेष्टनासोबत देणे बंधनकारक झाले. म्हणून पहिल्या तीन वेळा दवाखान्यात दोन तास बसून राहावे, कंटाळा आला तरी. घरी, अगदी दुसऱ्या दिवशीही, अंगावर गांधी उठल्या, जीभ सुजली किंवा चक्कर आली तर तडक रुग्णालय गाठावे. चढलेली धाप मात्र या इंजेक्शनाने उतरत नाही. तिथे पंपच लागतो.