घरची मोटार : एअर फिल्टर आपल्या हातांनी

बिकानेरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त वर्षातील बराच काळ बाहेरगावी असतात आणि घरातील पेट्रोलची छोटी मोटार त्या स्वतःच चालवितात. त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलात ‘एअर फिल्टर बदलला’ अशी ओळ असते; तो खरोखर बदलला की नाही, हे कसे ओळखावे? हे काम घरी करता येईल काय? आणि माहितीपुस्तिका एक सांगते, मिस्त्री दुसरेच सांगतो, तेव्हा फिल्टर बदलावा तरी केव्हा? पत्र वाचून वाटले, की हे प्रश्न केवळ त्यांचे नव्हेत. ज्यांच्या दारात मोटार उभी आहे, अशा पुष्कळ कुटुंबांचे ते आहेत.

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, परंतु ते अर्धेच खरे. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबाने पाहिले, तर १ लिटर पेट्रोलमागे सुमारे ९ हजार लिटर हवा इंजिन ओढून घेते. आपण टाकीत ३० लिटर पेट्रोल भरतो आणि ते संपवितो, तेवढ्या अवधीत १० मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा दिवाणखान्यातील सगळी हवा इंजिनाच्या पोटातून गेलेली असते. आता ही हवा कोठली, हे पाहा. राजस्थानातील वाळूची, कोकण-गोव्याकडील तांबड्या धुळीची, मराठवाड्यातील काळ्या मातीची, पुढे धावणाऱ्या ट्रकने उडविलेली! वाळूचा कण काचेवरही ओरखडा काढतो. तो सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा यांच्यामधील तेलाच्या पातळ थरात जाऊन बसला, की पिस्टनच्या प्रत्येक फेरीबरोबर धातू खरवडत राहतो. रिंगा झिजतात, दाब कमी पडतो, इंजिन तेल पिऊ लागते आणि मागून निळसर धूर निघू लागतो. हे सारे अडविण्याचे काम एका घडीदार कागदावर सोपविलेले असते. त्या कागदाची चौकट म्हणजेच एअर फिल्टर. काही मोटारींत आत बसणाऱ्या माणसांसाठी, वातानुकूलनाच्या वाटेवर, दुसराही एक फिल्टर असतो. तो निराळा, त्याची गल्लत करू नये.

फिल्टर चोंदला की पेट्रोल अधिक जळते, असे सर्रास सांगितले जाते. कार्बोरेटरच्या काळी ते खरे होते. त्या मोटारींत इंजिनावरच पातेल्यासारखा एक गोल डबा असे आणि वरचा नट हाताने फिरवून झाकण निघे. हवा कमी पडली, की कार्बोरेटरमधून पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढे. १९८३ साली रस्त्यावर आलेली पहिली मारुती ८०० त्याच जातीची. आजच्या मोटारीत मात्र आत येणारी हवा मोजूनच इंधन सोडले जाते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली अशा नव्या पद्धतीच्या मोटारी मुद्दाम चोंदविलेले फिल्टर लावून तपासल्या, तेव्हा पेट्रोलच्या खर्चात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. फरक पडला तो मोटारीच्या उठावात. वेग घ्यावयास ती अधिक वेळ घेऊ लागली. तेव्हा ‘फिल्टर बदला, मायलेज वाढेल’ ह्या आश्वासनावर विसंबून कोणी पैसे खर्च करू नयेत. फिल्टर बदलावयाचा तो इंजिनाच्या आयुष्यासाठी. डिझेलच्या मोटारीचे थोडे वेगळे आहे. तिला हवा मुळातच अधिक लागते, आणि ती कमी पडली की काळा धूर बोलू लागतो.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, काटकसर म्हणून, मी जुना फिल्टर काढून पेट्रोलपंपावर टायरमध्ये हवा भरतात त्या नळीने जोराने फुंकून घेतला. धुळीचा लोट उडाला आणि मला मोठी कृतार्थता वाटली! एका घडीच्या बुडाशी कागद बोटभर फाटला होता, तो मात्र दिसला नाही. सबंध उन्हाळा मोटार तशीच चालली. दिवाळीच्या सुमारास तेल तपासण्याची पट्टी दर पंधरवड्यास खाली उतरू लागली. डबा उघडला, तर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतल्या बाजूस मऊ धुळीचा थर, मैद्यासारखा. पुढे इंजिनाचे काम काढावे लागले. त्या खर्चात जन्मभर पुरतील इतके फिल्टर आले असते. कागद थोडा मळलेला असला म्हणून बिघडत नाही; उलट घड्यांवर बसलेली थोडी धूळच पुढची बारीक धूळ अधिक चांगली अडविते. म्हणून वरचेवर फुंकणे, आपटणे, धुणे ह्यांत लाभ नाही, धोका मात्र आहे. कागदी फिल्टर पाण्याने तर कधीच धुवू नये. धुऊन तेल लावून वापरण्याचे स्पंजाचे किंवा सुती जाळीचेही फिल्टर मिळतात. त्यांची रीत निराळी आहे आणि ती त्यांच्या वेष्टणावर दिलेली असते.

आता प्रत्यक्ष काम. ते फार झाले तर अर्ध्या तासाचे आहे, आणि पहिल्या खेपेला भीती वाटते तेवढेच काय ते अवघड. सकाळची वेळ घ्यावी. इंजिन थंड असावे, किल्ली काढून खिशात ठेवावी. वारा सुटला असेल, तर ते काम त्या दिवशी करू नये. बॉनेट उघडून त्याचा आधाराचा गज नीट अडकवावा. इंजिनाजवळ काळ्या प्लॅस्टिकचा एक डबा दिसेल आणि त्यातून हाताच्या मनगटाहून जाड अशी नळी इंजिनाकडे गेलेली असेल. तोच आपला डबा. सापडला नाही तर माहितीपुस्तिकेत चित्र असते. डबा उघडण्यापूर्वी त्याचे झाकण ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पुष्कळजण हे विसरतात, आणि झाकण उचलताच त्यावरची धूळ नेमकी नको तेथे पडते.

झाकणाला कोठे तारेचे खटके असतात, कोठे स्क्रू. स्क्रू असतील तर ते मोजून एका वाटीत ठेवावेत. इंजिनाच्या खोबणीत पडलेला स्क्रू शोधण्यात सबंध दुपार जाते. आमच्या घरी ही वाटी धरण्याचे काम मुलीकडे असते आणि ती ते डोळ्यांत तेल घालून करते. नळीवर किंवा झाकणावर तारेचा एखादा जोड असेल, तर तो हवा मोजणाऱ्या नाजूक यंत्राचा असतो. त्याला हिसका देऊ नये. फिल्टर निघण्यापुरते झाकण उचलले, की पुरे. फिल्टर काढण्यापूर्वी त्याची कोणती बाजू वर आहे, हे मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. मग तो आडवाच, न हलविता उचलावा. तिरपा केला, तर साठलेली पाने, किडे आणि धूळ सारी डब्यात सांडते.

बाहेर काढल्यावर लगेच फेकू नका. आपली खरी परीक्षा येथे आहे. फिल्टरची एक बाजू मळकट असणारच, तो त्याचा धर्म. दुसरी बाजू, म्हणजे इंजिनाकडची, स्वच्छ असली पाहिजे. त्या बाजूच्या घड्यांवरून आणि झाकणाच्या आतून स्वच्छ बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली, तर कागद फाटलेला आहे किंवा कडेचे रबर नीट बसलेले नव्हते असे समजावे. मग मागून विजेरीचा प्रकाश टाकून प्रत्येक घडी पाहावी. प्रकाश कागदातून अंधूक झिरपतो. कोठे टाचणीएवढा ठळक ठिपका चमकला, तर तेथे भोक आहे. उंदरांनी कुरतडलेले कोपरेही असेच सापडतात, कारण थंडीच्या दिवसांत ह्या उबदार डब्यात घर करावयास त्यांना फार आवडते. घरटे सापडले तर बाहेरून डब्यात येणारी हवेची वाटही पाहून घ्यावी.

आता रिकामा डबा पुसावयाचा. इंजिनाकडे जाणारे तोंड आधी स्वच्छ फडक्याने बंद करावे, आणि ते फडके मोठे व भडक रंगाचे असावे. हे सांगण्याचे कारण असे, की आतच राहिलेले फडके ओढून घेण्याइतका जोर इंजिनात असतो. तळाची धूळ किंचित ओलसर कपड्याने टिपावी; घरी धूळ ओढून घेणारे यंत्र असेल तर त्याची नळी लावावी. फुंकर घालू नये. तळाला पाणी निघून जाण्याचे बारीक छिद्र असेल, तर ते बुजलेले नाही ना, हे पाहावे.

नवा फिल्टर जुन्याशेजारी ठेवून लांबी, रुंदी, उंची आणि कडेचे रबर ताडून पाहावे. छोट्या मोटारीचा फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. त्याहून स्वस्त मिळतो तो पुष्कळदा कमी घड्यांचा आणि कडक रबराचा असतो. मी घड्या मोजून पाहतो. दुकानदार हसतो, पण मला त्याचे वाईट वाटत नाही. फिल्टर खोबणीत चारी बाजूंनी सारखा दाबून बसवावा, आतील फडके काढावे, झाकणाचे दात आधी एका बाजूस अडकवावेत आणि मग खटके लावावेत. खटका लावण्यास जोर करावा लागला, तर जोर करू नये. काहीतरी तिरपे बसले आहे असे समजून झाकण पुन्हा उचलावे. शेवटी इंजिन सुरू करून मिनिटभर ऐकावे. शिळेसारखा बारीक आवाज येत असेल, तर कोठून तरी हवा चोरून आत जात आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ह्यातच आले. नवा फिल्टर बसविताना त्याच्या कडेवर पेनाने तारीख आणि मोटार त्या वेळेपर्यंत किती किलोमीटर चालली, ते लिहून ठेवावे. पुढच्या सर्व्हिसिंगनंतर डबा उघडून पाहावा. बिलात ‘बदलला’ अशी ओळ असून कडेवर आपलेच अक्षर दिसले, तर न भांडता बिल आणि फिल्टर दोन्ही पुढे ठेवावीत. मी एकदा असे केले आहे. पैसे परत मिळाले, आणि नंतर त्या ठिकाणी माझी मोटार फार आदराने धुतली जाऊ लागली! सर्व्हिसिंगला देतानाच ‘काढलेला जुना फिल्टर गाडीत ठेवा’ असे सांगणे हा अधिक सोपा उपाय. मोटार हमीच्या मुदतीत असेल, तर स्वतः बदलण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात आणि फिल्टरची पावती जपून ठेवावी.

पावसाळ्याचे दोन शब्द मुंबई, चेन्नईकडील वाचकांसाठी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा पाण्यात बंद पडलेली किंवा उभी असताना बुडालेली मोटार पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह फार होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असताना इंजिन फिरले, तर पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून किल्लीला हात लावण्यापूर्वी हाच डबा उघडावा. फिल्टर भिजलेला असेल, तर मोटार ओढून न्यावी आणि मिस्त्रीला प्रथम तेच सांगावे. फिल्टर कोरडा निघाला, तरी पाणी कोठपर्यंत चढले होते हे पाहून तेल आणि विजेचे जोड तपासल्याखेरीज इंजिन सुरू करू नये.

आता भगिनींचा तिसरा प्रश्न. बहुतेक माहितीपुस्तिका २० ते ४० हजार किलोमीटरच्या दरम्यानचा एखादा आकडा देतात आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘धुळीच्या प्रदेशात याहून लवकर’ असे लिहितात. ती बारीक अक्षरे बिकानेरकरांसाठीच लिहिलेली आहेत. आपल्याकडे दर ५ हजार किलोमीटरला, आणि उन्हाळ्यात मोठी आँधी येऊन गेल्यावर मोटार बाहेर उभी असल्यास तेव्हाही, डबा उघडून पाहावा. घड्यांच्या मधल्या फटी धुळीने भरून गेल्या असतील, कागद फाटला असेल, भिजला असेल किंवा तेलकट झाला असेल, तर पुस्तिकेतील आकडा न पाहता नवा फिल्टर घालावा. फटी मोकळ्या असतील, तर मळकट रंगाला न भिता तोच अलगद परत ठेवावा. वाळू फार असेल तेथे एक फिल्टर घरात आणूनच ठेवावा; मात्र तो त्याच्या वेष्टणातच राहू द्यावा आणि उंदरांपासून दूर, पत्र्याच्या डब्यात ठेवावा.