स्टेशनचं नाव बदललं, तरी मोबाइलवर जुनंच का दिसू शकतं?

ऑक्टोबर 2025 मध्ये औरंगाबाद रेल्वे स्टेशनचं नाव अधिकृतपणे ‘छत्रपती संभाजीनगर’ झालं. कोडही ‘एडब्ल्यूबी’ऐवजी ‘सीपीएसएन’ झाला. पण असा बदल प्रत्येक मोबाइलवर त्याच क्षणी पोहोचेलच असं नाही. याचं कारण आहे कॅशे.

स्टेशनांची यादी रोज बदलत नाही. म्हणून एखादं ॲप दरवेळी सर्व्हरला विचारण्याऐवजी तिची प्रत मोबाइलमध्येच ठेवू शकतं. हा झाला ‘लोकल कॅशे’. मोठ्या यंत्रणांमध्ये मध्यवर्ती साठ्यातली वारंवार लागणारी माहिती सर्व्हरही स्वतःजवळ ठेवतात. त्याला ‘निअर कॅशे’ म्हणतात. यामुळे उत्तर लवकर मिळतं आणि मुख्य यंत्रणेवरचा भार कमी होतो.

अडचण अशी की, मूळ माहिती बदलली तरी प्रत जुनीच राहते. त्यावर उपाय दोन: प्रतीला मुदत घालून देणं किंवा बदल होताच ती टाकून देण्याचा निरोप पाठवणं. निरोप वाटेत हरवू शकतो, म्हणून अनेकदा दोन्ही वापरतात.

नाव एखादा दिवस जुनं दिसलं तर फारसं बिघडत नाही. पण रिकाम्या जागांचा आकडा काही मिनिटं जुना असला, तरी प्रवाशाच्या हाती वेटिंगचं तिकीट येऊ शकतं. म्हणून बुकिंगच्या क्षणी मूळ यंत्रणेलाच विचारावं लागतं.