त्यांचं वकीलपत्र मी घेईन

मा. अध्यक्ष,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नंदुरबार
यांस,

गेल्या महिन्यात रविवारची प्रार्थना आटोपून आमच्या गल्लीतल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. बरोबर आणखी तिघीजणी. पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मावशींनी विचारलं, "ताई, आम्ही दहा-बारा बाया फलक घेऊन चौकात तासभर उभ्या राहिलो तर पोलीस आत टाकतील का?" फलकावर काय लिहिणार, ते वहीच्या पानावर लिहूनच आणलं होतं: पोटातल्या लेकराला जगू द्या. तारीखही ठरली होती, १० ऑगस्ट. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यावर हीच तारीख आहे, १० ऑगस्ट १९७१, म्हणून काही ख्रिस्ती मंडळी तो दिवस शोकाचा मानतात. २०२२ साली त्यांनी दिल्लीत मोर्चा काढला, पुढच्या वर्षी पुण्यात. आमच्या मावशींना मोर्चा काढायचा नव्हता. नुसतं उभं राहायचं होतं. त्यासाठी त्या आधीच एका कार्यालयात विचारून आल्या होत्या. "विषय नाजूक आहे. शिवाय जमावबंदी चालू आहे," एवढंच तोंडी उत्तर मिळालं. कागद नाही, सही नाही.

मी त्यांच्या मताची नाही, हे मावशींना ठाऊक आहे. माझी धाकटी काकू मी अकरा वर्षांची असताना गेली. चार लेकरं होती, पाचवं नको होतं. कुणीतरी दिलेली मुळी वापरली, तीन दिवस तापानं फणफणली आणि चौथ्या दिवशी संपली. गावाला सांगितलं, पोटात दुखून गेली. त्या वेळी कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती. तो आमच्या पाड्यापर्यंत पोहोचला नव्हता, एवढंच. म्हणून २०२१ च्या दुरुस्तीनं काही बायकांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवडे झाली तेव्हा मला आनंद झाला. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रीलाही तोच हक्क दिला, तेव्हा मी तो निकाल नवापूरच्या बाररूममध्ये मोठ्यानं वाचला होता. मावशींचं म्हणणं उद्या कायदा झालं, तर पहिला घाव माझ्या काकूसारख्या बाईवर बसेल, असं मी आजही मानते.

तरीही त्यांना तोंडी हाकलून लावणं चूक आहे. आणि ती चूक दुरुस्त करण्याचं काम तुमच्याकडे येतं, म्हणून हे पत्र.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ तुम्हाला मी काय सांगणार! अनुसूचित जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री मोफत वकिलाला पात्र आहे, उत्पन्नाचा दाखला न मागता. माझ्या पायरीवर बसलेल्या चौघीजणी गावित आणि मावची आदिवासी घरांतल्या. म्हणजे दोन्ही अंगांनी पात्र. पण आपल्या शिबिरांतून आपण त्यांना काय शिकवतो? पोटगी, वारसा, घरगुती हिंसा. हे हवंच आहे. मात्र संविधानाच्या १९व्या अनुच्छेदानं बोलण्याचा आणि विनाशस्त्र, शांतपणे जमण्याचा हक्क दिला आहे, आणि तो नाकारायचा तर लेखी कारण मागता येतं, हे एकाही शिबिरात सांगितलेलं मी ऐकलं नाही. त्या शिबिरांत मीही बोलले आहे, तेव्हा हा दोष माझाही आहे.

जमावबंदीचं म्हणाल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे आदेश आपल्याकडे पंधरा-पंधरा दिवसांनी निघत राहतात. सणाला निघतात, निवडणुकीला निघतात. नवापूरच्या माणसाला या आदेशाचं स्वरूप इतरांपेक्षा लवकर कळतं. आमच्या रेल्वे स्थानकातून राज्याची सीमा जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. नंदुरबारचा आदेश त्या बाकाच्या मध्यावर संपतो. चार बोटं पलीकडे सरकून बसलेली तीच बाई, तोच फलक, आणि हा आदेश तिला लागू नाही. धोका खरोखर त्या फलकात असता तर तो बाकाच्या रेघेवर थांबला नसता.

आपण ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या अखत्यारीत येतो, त्यानंच हा प्रश्न एकदा सोडवला आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात काही लोकांना नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध शांतपणे धरणं धरायचं होतं. कलम ३७ चा आदेश दाखवून परवानगी नाकारली गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी तो आदेश रद्द केला आणि एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून माणसांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असं स्पष्ट बजावलं. त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, अहमदाबादच्या हिंमतलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की रस्त्यावरच्या सभेला नियम लावता येतील, पण तिला सरसकट मनाई करण्याचा मोकळा अधिकार पोलिसांना देता येणार नाही. गर्भपाताचा कायदाही कायदाच आहे. त्याला विरोध करणाऱ्याला माजलगावकरांहून कमी हक्क कसा असेल?

"विषय नाजूक आहे" हे उत्तर महाराष्ट्रानं फार पूर्वी ऐकलं आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. ते कॉलेज मिशनचं. पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. प्रामाणिकपणे सांगायचं तर बाबासाहेबांना कर्व्यांचं म्हणणं पटत होतं. मला मावशींचं पटत नाही. तेव्हा तो दाखला मला पुरता लागू पडत नाही. पण कर्व्यांचं तोंड ज्या शब्दानं बंद केलं, त्याच शब्दानं आज त्यांच्या विरुद्ध बाजूच्या बायकांचं तोंड बंद होत असेल, तर कर्व्यांची बाजू मानणाऱ्या माझ्यासारखीनं गप्प बसणं मला शोभत नाही.

आणखी एक सांगते. गर्भाबद्दल रस्त्यावर बोलणं या राज्याला नवीन नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या स्त्री कार्यकर्त्यांनी गर्भलिंगचाचणीविरुद्ध रान उठवलं, त्यातून १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा आला, देशातला पहिला. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले भ्रूण सापडले, ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. सरकारी भिंतींवर आपणच 'भ्रूणहत्या' हा शब्द रंगवला. तो शब्द चुकीचा आहे, त्यानं कायदेशीर गर्भपात करणारी बाईही खुनी ठरते, असं स्त्री चळवळीतल्या अनेकजणी सांगत आल्या आणि मलाही तसंच वाटतं. पण सरकारनं भिंतीवर लिहिलेल्या शब्दातलाच अर्थ मावशींनी पुठ्ठ्यावर लिहिला, तर तो गुन्हा कसा?

मग मर्यादा कुठली? मी मावशींना सांगितली, तुम्हालाही सांगते. दवाखान्याचं फाटक. आमच्या उपजिल्हा रुग्णालयात येणारी बाई पाड्यावरून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येते. ती कुठल्या गावची, कुणाची सून, हे फाटकावर उभ्या असलेल्या चौघींतल्या एकीला तरी ठाऊक असणारच. गर्भपाताच्या कायद्याचं कलम ५अ तिचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद सांगतं; फाटकावर नुसती नजरानजर झाली तरी ते नाव संध्याकाळपर्यंत गावात पोहोचतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याची दवाखान्याभोवतीची पस्तीस फुटांची बंदी एकमतानं रद्द केली, कारण फुटपाथवर हळू आवाजात बोलणंही तिनं रोखलं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये ऑक्टोबर २०२४ पासून दीडशे मीटरचं क्षेत्र राखीव आहे. अंतराच्या बाबतीत मला इंग्लंडचं पटतं, कारण नवापूर हे बोस्टन नव्हे, इथे कुणी अनोळखी नसतं. मात्र बोर्नमथच्या दवाखान्याजवळ मुक्यानं प्रार्थना करणाऱ्या माणसाला त्याच महिन्यात दोषी ठरवलं गेलं, ते मला पटलं नाही. बाईची वाट अडवली, तिचा फोटो काढला, तिला धमकावलं, तर न्याय संहितेत कलमं आहेत आणि ती लावायला मी स्वतः पुढे येईन. चौकातल्या पुठ्ठ्याला त्यातलं एकही कलम लागत नाही.

तुमच्याकडे मागणं थोडं आहे. येत्या ९ ऑगस्टला आदिवासी दिनाला नवापूरचे रस्ते भरून वाहतील. दुसऱ्या दिवशी दहा-बारा बायका चौकात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस पडली किंवा कलम १७० खाली त्यांना उचललं, तर लोकअभिरक्षक कार्यालयातून किंवा पॅनलवरून त्याच दिवशी वकील मिळावा. त्यांचं मत काय, हे त्यांना विचारलं जाऊ नये. परवानगीचा अर्ज कसा लिहायचा, नकार लेखी कसा मागायचा, हे तालुका समितीच्या पुढच्या शिबिरात मराठीत आणि मावचीत सांगितलं जावं. आणि गर्भपातासाठी आलेल्या बाईलाही आपला वकील आहे, हे त्याच शिबिरात, त्याच आवाजात सांगितलं जावं.

पॅनलवरचे काही सहकारी म्हणतील, हे प्रकरण आम्हाला नको. त्यांच्यावर सक्ती करू नका. माझं नाव लिहून घ्या. मावशींचा अर्ज मी काल टाइप करून दिला आहे. जागेच्या रकान्यात चौक लिहिला आहे आणि रुग्णालयाच्या रस्त्यावर जाणार नाही, असं त्यांच्या अंगठ्यांनिशी खाली लिहून घेतलं आहे.

आपली विश्वासू,
नवापूर न्यायालयातली एक वकील